ऐतिहासिक प्रेमकथेसाठी काळ कोणता? माझी पसंती १८६९ ते १८९३

प्रश्न असा आला आहे: "मी इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स भरपूर वाचते, त्यातही रीजन्सी काळातले. तसं काहीतरी मराठीत लिहायचं मनात आहे. पण आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की एक तर शिवकाल नाहीतर पेशवाई. प्रेमकथेसाठी सगळ्यात चांगला काळ कोणता? तुमचा स्वतःचा आवडता कोणता?"

मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते आणि इतरांची हस्तलिखितं तपासण्याचं कामही बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे सरळ उत्तर आधी देऊन टाकते. माझा आवडता काळ १८६९ ते १८९३ आणि ठिकाण मुंबई-पुणे. १८६९ साली विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकारानं मुंबईत वेणूबाई नावाच्या विधवेचं पांडुरंग विनायक करमरकरांशी लग्न लागलं. १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. मधल्या या वर्षांत महाराष्ट्रातली शिकलेली माणसं लग्न या एकाच गोष्टीवरून वर्तमानपत्रांत, कोर्टात, घराघरांत भांडत होती. ज्या काळात लग्नावरून घरं फुटतात तो काळ प्रेमकथेला आयताच मिळालेला असतो.

पण तुम्ही रीजन्सीतून येताय, तर आधी तिथलं बघू. १८११ ते १८२० एवढाच हा काळ. तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य करायच्या स्थितीत राहिला नाही, त्याच्या जागी मुलगा कारभार पाहू लागला, म्हणून रीजन्सी. एवढ्याशा तुकड्यावर इतके लेखक पिढ्यान्‌पिढ्या का लिहीत राहिले? मला विचाराल तर पोशाख आणि घोडागाड्या हे वरवरचं कारण झालं. खरं कारण असं की त्या वर्गात लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना समोरासमोर आणायची सोय समाजानंच करून ठेवली होती. मुलगी सतरा-अठराची झाली की तिला लंडनच्या 'सीझन'मध्ये आणायचं. आल्मॅक्स या लंडनच्या बड्या नाचघरात बुधवारी नाच, आणि तिथं कोणाला येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या चार-सहा बड्या घरच्या बायका. अडथळासुद्धा तयारच होता. १७५३ च्या विवाह कायद्यामुळे एकवीस वर्षांच्या आतल्यांना वडीलधाऱ्यांच्या संमतीशिवाय लग्न करणं अवघड झालं. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून सीमेला लागून असलेलं ग्रेटना ग्रीन हे पळून जाणाऱ्यांचं हक्काचं गाव झालं. म्हणजे भेटायला जागा आहे, अडवायला कायदा आहे आणि पळायला वाटही आहे. शेवटी लग्न लागतं आणि पुस्तक मिटतं.

आता हाच साचा उचलून लोक शनिवारवाड्यात आणतात, आणि तिथं सगळं फसतं. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत एक नायिका हमखास असते: सरदाराची एकोणीस वर्षांची लेक, अविवाहित, घोड्यावरून नदीकाठी एकटी हिंडणारी. अहो, अठराव्या शतकातल्या त्या घरात एकोणीस वर्षांची कुमारिका असूच शकत नाही. आठव्या-दहाव्या वर्षी तिचं लग्न होऊन गेलेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी ती दोन लेकरांची आई असेल किंवा नशीब वाईट असेल तर दहा वर्षांपासूनची विधवा. हे एक कळलं की पुढचं सगळं कळतं. रीजन्सीची कथा प्रेमाकडून लग्नाकडे जाते. आपल्याकडच्या वरच्या जातींतल्या घरांत लग्न आधीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे प्रेम येईल ते लग्नानंतर, नाहीतर लग्नाबाहेर, नाहीतर दुसऱ्या लग्नात. काळ निवडताना मी एवढंच बघते की या तीन वाटांपैकी एखादीवर माणसांना हालचाल करता येते का.

१८६९ नंतर तिन्ही वाटांवर येते, म्हणून तो काळ मला आवडतो.

पहिली वाट म्हणजे लग्नानंतरचं प्रेम. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या नसतील तर लिहायला बसण्याआधी वाचा. १८७३ साली त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांची पहिली पत्नी गेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता विधवेशी लग्न करील असं मित्र धरून चालले होते. माधवरावांच्या वडिलांनी घाईनं अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लावून दिलं. ते तिशी ओलांडलेले. पुढे त्यांनी बायकोला स्वतः शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्यापायी तिला जे टोचून खाल्लं ते तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. दिवसा नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायचं नाही, रात्री मात्र पाटी-पुस्तक. एखाद्या लेखकानं हा प्रसंग कल्पनेतून रचला असता तर त्याला शाबासकी दिली असती. अट एकच: कथा अकरा वर्षांच्या मुलीपासून सुरू करून तिला प्रेमकथा म्हणू नका. ती विशीत आल्यावर, नवऱ्याशी वाद घालायला लागल्यावर सुरू करा. मागचं मागे येतंच.

प्रत्येक शिकवणारा नवरा रानड्यांसारखा नव्हता, हेही याच काळात दिसतं. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून. बायकोला डॉक्टर करायचा त्यांचा ध्यास. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. मधली तीन वर्षं दोघांचा संसार पत्रांत झाला. लहानपणी त्यांनी केलेली मारहाण त्या पत्रात बोलून दाखवतात, आणि त्याच माणसाचे उपकारही मानतात. याला प्रेम म्हणायचं का, हा प्रश्न ज्या लेखकाला छळत नाही त्यानं या काळाच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या लग्नाची वाट कथानकाच्या दृष्टीनं सगळ्यांत श्रीमंत. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची कलमं फार थोडे वाचतात. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जातो, जणू ती मेलीच. पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलांचा पालक म्हणून दुसऱ्या कुणाला नेमावं असा अर्ज सासरची माणसं कोर्टात करू शकतात. म्हणजे कायद्यानं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच किंमत मागितली. तुमची नायिका तेवीस वर्षांची आहे, पदरी सहा वर्षांचा मुलगा आहे, सदाशिव पेठेतल्या वाड्यात तिचा खोलीभर हक्क आहे. समोर एक विधुर शिक्षक. तिनं हो म्हटलं तर खोली जाते आणि मुलगाही जाऊ शकतो. इथं खलनायक लागत नाही. वाईट दीरसुद्धा लागत नाही, उलट दीर भला असेल तर कथा जास्त अवघड होते आणि जास्त चांगली होते.

त्यातून जातीचा बहिष्कार. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. पुनर्विवाहाला हजर राहिलेल्यांवरही ग्रामण्य, म्हणजे त्यांनाही जातीबाहेर टाकणं. पाणक्या येईना, न्हावी येईना, बहिणीची सोयरीक मोडली. ही पात्रं प्रेमात नसतात, पण प्रेमाची झळ त्यांना लागते, आणि कादंबरीला खोली तिथून मिळते. कर्व्यांच्या लग्नानंतर मुरुडात गावानं बहिष्कार टाकला तेव्हा जास्त हाल कुणाचे झाले असतील? पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या मुलाचे की गावात राहणाऱ्या आईचे? मी तर ती कादंबरी आईच्या बाजूनं लिहीन.

गोदूबाईंबद्दल अजून एक. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. हे सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. विधवा मुलींनी एका छताखाली राहणं, शिकणं, केस राखणं, आपसांत हसणं, हे सगळं तिथं पहिल्यांदा घडत होतं. नायिकेला मैत्रिणी हव्या असतात. वाड्यात तिला जावा मिळतात, मैत्रिणी मिळतात त्या सदनात.

मात्र हे सगळं ब्राह्मण घरांपुरतं झालं. याच काळात कुणबी, माळी आणि इतर अनेक जातींत पाट लावायची रीत होती. काडीमोडही होती. विधवेनं पुन्हा संसार मांडण्यात तिथं काही विशेष नव्हतं. पेशवे सरकार तर त्यावर पाटदाम नावाचा कर घेत असे. म्हणून "त्या काळी विधवांची लग्नं होतच नसत" असं सरसकट वाक्य निवेदकाच्या तोंडी घालू नका. रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिनं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी रीतसर दुसरं लग्न केलं, जातीनं हरकत घेतली नाही. खटला उभा राहिला तो मुलीचा. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, नवरा दादाजी भिकाजी. तिनं नांदायला नकार दिला आणि त्यानं १८८४ मध्ये दावा लावला. पहिल्यांदा निकाल तिच्या बाजूनं लागला. १८८७ मध्ये हुकूम आला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, मग ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. 'नाही' म्हणणारी नायिका हवी असली तर आधुनिक बाई जुन्या साडीत गुंडाळायची गरज नाही, हे सांगायला मी हे उदाहरण नेहमी देते. रखमाबाई तेव्हा होत्याच.

फुल्यांच्या बाजूला तर आपले प्रेमकथाकार फिरकतच नाहीत, याचं मला नवल वाटतं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्नं लागू लागली. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, फुले दांपत्यानं फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं. तिथं जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. लग्नाबाहेरची वाट इथं दिसते: त्या घराच्या दारात रात्री येणाऱ्या बाईमागे एक प्रेमकथा किंवा एक अत्याचार असतो, आणि पुष्कळदा दोन्हींमधली सीमा पुसट असते. लिहायला अवघड आहे, म्हणूनच कुणी लिहीत नाही बहुतेक.

वेगळ्या धर्माच्या दोघांची कथा हवी असेल तर १८७२ चा विवाह कायदा पाहा. नोंदणी लग्न करता येत होतं, पण त्यासाठी दोघांनी "मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही" अशा अर्थाचं लिहून द्यायचं. ज्या माणसासाठी जात सोडायला तुमचा नायक तयार आहे, त्याच्यासाठी तो धर्मच नाही म्हणायला तयार आहे का? एका कागदावरच्या सहीवर अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता भेटीगाठी. रीजन्सीत नाचघर आहे, आपल्याकडे काय? या काळात बरंच काही आहे. कीर्तन आणि यात्रा तर पूर्वीपासूनच्या. त्यात प्रार्थना समाजाच्या सभा आल्या, १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं, १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली. १८७४ पासून मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. आणि रेल्वे. भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि मुंबई-पुणे एका गाडीनं जोडलं गेलं. घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथं गाडी थांबून उलट्या दिशेनं निघायची. डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी आतापर्यंत जो पुढे तोंड करून बसला होता तो आता पाठमोरा जाऊ लागतो. एवढं आयतं दृश्य रेल्वेच्या इंजिनियरांनी लेखकांसाठी करून ठेवलंय आणि मी ते अजून कुठल्या हस्तलिखितात पाहिलेलं नाही.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे घड्याळ. मुंबई शहर मुंबईच्या स्थानिक वेळेवर चाले आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर. दोन्हींत साधारण अर्ध्या तासाचा फरक, मद्रास पुढे. शहरातलं घड्याळ बघून निघालेला माणूस बोरीबंदरला पोचेपर्यंत गाडी गेलेली असू शकते. पळून जाणाऱ्या जोडप्याची चुकामूक करायला इतकं खरं आणि इतकं साधं कारण दुसऱ्या काळात सापडायचं नाही.

पत्रांचंही तसंच. १८५४ मध्ये देशभर टपालाचे दर एकसारखे झाले, अर्ध्या आण्यात पत्र कुठंही. १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं. स्वस्त म्हणून कार्डच येणार, आणि कार्ड म्हणजे पोस्टमनपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचायची चीज. तेव्हा नायकाला प्रेम लिहायचं आहे ते "आंब्याचा मोहोर यंदा चांगला आहे, कळावे" अशा भाषेत. मराठी प्रेमकथेतला संयम मला या कार्डात दिसतो. नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, बायको त्याचं नाव उखाण्यातच घेते, बाकी सगळं "अहो" आणि "इकडून" यांत. अशा घरात "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य घातलंत की वाचक तिथंच पुस्तक ठेवतो. त्याऐवजी तो तिच्या पाटीवर स्वतःचं अक्षर काढून दाखवतो आणि ती ते पुसत नाही, एवढं पुरतं.

पेशवाईबद्दल विचारलंत म्हणून सांगते. मला ती नकोशी नाही, फक्त बाजीराव-मस्तानी आणि रमा-माधव या दोन जोड्या इतक्यांदा लिहून झाल्यात की नव्या माणसाला तिथं जागा नाही. लिहायचंच तर नाव नसलेल्या माणसांवर लिहा. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि साधारण पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या, उत्तरेत अडकल्या तर वर्षंच्या वर्षं यायच्या नाहीत. शिलेदाराच्या बायकोचं सगळं आयुष्य या पंचांगावर चालतं. त्या विरहाची भाषा शाहिरांच्या लावण्यांत आहे, रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम यांच्यात. बाईला लिहिता येत नसेल तर पत्र कारकून लिहिणार, मोडीत, आणि तिच्या मनातलं त्या परक्या पुरुषाला सांगावं लागणार. कारकुनाच्या नजरेतून लिहिलेली प्रेमकथा ही माझी स्वतःचीही राहून गेलेली इच्छा आहे. तुम्ही लिहिलीत तर आनंदच.

आणि पानिपतानंतरची वर्षं. सदाशिवरावभाऊ पडले हे पार्वतीबाईंनी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. मग भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, माणसं त्याच्या बाजूला गेली, शेवटी १७७६ मध्ये त्याला ठार केलं. एका बाईचा नवरा जिवंत आहे की नाही हा राज्याचा प्रश्न झाला. पार्वतीबाईंवर लिहू नका, तेही फार झालंय. पण पानिपतावरून न परतलेले हजारो होते, त्यांच्या हजारो बायका होत्या. एखाद्या साध्या बारगिराच्या घरी बारा वर्षांनी कुणी आला आणि "मीच तो" म्हणाला तर? आणि तो खोटा आहे हे तिला पहिल्या रात्रीच कळलं, तरी तिनं सांगितलं नाही तर?

तुमची रीजन्सी सुटतच नसेल तर त्याच वर्षांतलं पुणं घ्या. १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा वकील म्हणून पुण्यात आला. दुसऱ्या बाजीरावाचा दरबार, हेरगिरी, १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून. त्या आरोपावरून बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८१६ च्या सप्टेंबरात ते निसटले. सांगतात ते असं, की एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मोतद्दारानं, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकरानं, घोडा फिरवता फिरवता खिडकीखाली मराठीत गाणी म्हणून सगळा बेत आत पोचवला. पहाऱ्यावरच्यांना मराठी येत नव्हतं. हा प्रसंग राजकारणातला, पण खिडकीखाली गाणं ही युक्ती प्रेमकथेनं उसनी घ्यायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी खडकीची लढाई, मग सगळंच संपलं. बुडत्या शहरातलं प्रेम वाचायला लोक नेहमी तयार असतात.

शिवकालाला मी हात लावत नाही. महाराजांच्या घरातल्या माणसांच्या मनातलं लिहिण्याइतका पुरावा नाही, आणि वाचक तिथं प्रेमकथा वाचायला येत नाही. त्यानंतरची वर्षं मात्र मोकळी पडली आहेत. १६८९ मध्ये संभाजीराजे गेल्यावर राजाराम वेषांतर करून जिंजीला निघाले, तो प्रवास, जिंजीचा सात-आठ वर्षांचा वेढा, आणि इकडे दख्खनभर फिरणारी औरंगजेबाची छावणी. ती छावणी म्हणजे चालतं शहर, त्यात बाजार, कारागीर, कैदी, नाचणाऱ्या, हकीम. कैदेत वाढणारे शाहूराजे तिथेच. कुणातरी हिंमतवाल्यानं त्या छावणीत एक मराठी कैदी आणि एक काश्मिरी शालवाल्याची मुलगी आणून दाखवावी.

सातवाहन काळाचा मोह पुष्कळांना होतो, कारण गाथासप्तशती. माहाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत गावची सून आहे, प्रवासाला गेलेला नवरा आहे, गोदावरी आहे, पहिला पाऊस आहे, चोरून भेटणारे आहेत आणि त्यांना हसणाऱ्या सख्याही आहेत. भावना इतकी ताजी की काल लिहिल्यासारखी. पण घर कसं होतं, जेवणात काय, हाक कशी मारत, हे तुम्हाला शिलालेख आणि लेणी यांतून गोळा करावं लागतं. लघुकथेला उत्तम, कादंबरीला दमछाक. आणि मिरची, बटाटा, मका, शेंगदाणा, पेरू यांतलं काही ताटात वाढू नका. ते सगळं पोर्तुगीजांच्या येण्यानंतरचं.

गोव्याबद्दल थोडं जास्त बोलावंसं वाटतं, कारण तिथं भेटायची जागा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरांत मांडो नाचला जायचा, समोरासमोर दोन रांगा, कोंकणी शब्द, व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं वाद्य. मांडो हे मूळचं प्रेमगीतच. १८७० पासून तिथं पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला: लग्नाची नोंदणी, नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र. सीमेअलीकडे सावंतवाडीत वेगळा कायदा, पलीकडे वेगळा. ग्रेटना ग्रीन हवं होतं ना तुम्हाला? पण कोंकणी कानावर नसेल आणि तिथल्या देवळांच्या, कलावंतिणींच्या, गावकारीच्या (गावाच्या सामाईक जमिनीच्या कारभाराच्या) रीती ठाऊक नसतील तर त्या वाटेला जाऊ नका. मराठी लेखकानं गोव्यात नेलेली पात्रं बऱ्याचदा सुट्टीवर आल्यासारखी वागतात.

विसाव्या शतकातलं म्हणाल तर कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाला आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. ब्रिटिश मुलखात हिंदूंना जात ओलांडून लग्न करताना धर्म नाकारायची अट होती त्या वेळी हे घडलं. यावर प्रेमकथा मी शोधते आहे, सापडत नाही. १९४० च्या दशकावर पुष्कळ लिहिलं जातं, बहुतेक वेळा चाळ, चळवळ आणि तुरुंग या क्रमानं. त्यातून निसटायचं असेल तर १४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट घ्या. दुपारी घरातून निघालेला माणूस संध्याकाळी कुठल्या इस्पितळात शोधायचा, एवढ्या एका दिवसाची कादंबरी होऊ शकते.

शेवटी कामाचं. काळ ठरला की त्या वर्षांतलं एक वर्ष निवडा आणि त्या वर्षाचं वर्तमानपत्र सलग वाचा. १८६२ नंतरसाठी इंदुप्रकाश, पुण्यासाठी ज्ञानप्रकाश, १८८१ पासून केसरी. बातम्यांपेक्षा जाहिराती आणि वाचकांची पत्रं जास्त उपयोगी. भाषेसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश हाताशी ठेवा. एखादा शब्द त्यात नसेल तर तो पात्राच्या तोंडी घालण्याआधी दोनदा विचार करा. पेशवाईसाठी सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आणि तारखा जुळवायला मोडक जंत्री, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखांची कोष्टकं. बायकांचे चहाचे कप १८७० च्या वाड्यातून काढून टाका, तिथं अजून चहा पोचलेला नाही. आणि पहिलं प्रकरण लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: नायिकेचं वय, तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, आणि तिला लिहिता-वाचता कुणी शिकवलं. तिसऱ्याचं उत्तर देता आलं की नायक बहुधा तिथंच सापडतो, किंवा निदान त्याच्याशी भांडणारा माणूस तरी.